माल तुमचा, जोडणी आमची

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

गणपती झाले, आता दिवाळीपर्यंत कामाचा हंगाम. दिवसा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहायचे आणि संध्याकाळी वडगावातल्या आमच्या वरच्या खोलीत पीसी जोडायचे, असा हा जोडधंदा. दुकान नाही, बोर्ड नाही. बोर्डच नाही म्हटल्यावर त्यावर कन्नड किती टक्के आणि मराठी किती, ही कर्नाटकातल्या नियमाची भानगडही नाही. एक लांब टेबल, अँटिस्टॅटिक चटई, टेस्टिंगला ठेवलेला जुना मॉनिटर, मल्टिमीटर. शेजारी माग चालतात, त्यामुळे व्होल्टेज नाचतं. टेस्टिंगला ते बरंच आहे म्हणायचं.

हंगामातलं पहिलं काम शहापूरच्या पत्रिकावाल्या काकांचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, वास्तुशांतीची आमंत्रणं, मराठी आणि कन्नड दोन्हींत. त्यांचा पीसी इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चे अपडेट बंद होणार हे कुणीतरी त्यांना सांगितलंय आणि १५ तारखेला मशीन चालूच होणार नाही असा त्यांचा समज झालाय. तसं काही नाही, वर्षभराची वाढीव मुदतही घेता येते म्हणून सांगितलं. पण विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, तेव्हा हे मशीन तिथं जाणार नाही ते नाहीच. शिवाय कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल उघडेपर्यंत काकांचा चहा होतो. ते जास्त खरं कारण.

ठरवलेलं: रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, चांगल्या कंपनीचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), साधं कॅबिनेट. ग्राफिक कार्ड नाही.

"ग्राफिक कार्ड नको म्हणतोस, मग डिझाइन कसं होणार गा?"

प्रोसेसरमध्येच ग्राफिक आहे आणि पत्रिकेला तेवढं पुरून उरतं. फक्त ते ग्राफिक रॅममधलीच जागा वापरतं, म्हणून सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्यायच्या. दोन पट्ट्या दोन चॅनलवर चालतात आणि आतल्या ग्राफिकला त्याचा फरक लगेच पडतो. गावात तयार मिळणारे बरेचसे पीसी इथंच मार खातात. एक पट्टी घालून "सोळा जीबी" म्हणून देतात.

बुधवार, १७ सप्टेंबर

कोटेशन दिलं. प्रत्येक पार्टची ओळ वेगळी, किंमत बाजारात मिळते तीच. शेवटची ओळ: जोडणी, टेस्टिंग, वर्षभर घरी येऊन सेवा, ३,०००.

इथली रीत अशी नाही. "पस्तीस हजार फिक्स" म्हणून एकच आकडा सांगायचा आणि आपला नफा रॅम, कॅबिनेट आणि एसएमपीएसच्या पोटात लपवायचा, ही रीत. आता गिऱ्हाइकाच्या हातात फोन असतो. समोर बसूनच तो रॅमची किंमत काढतो, आणि दोनशे रुपयांचा फरक निघाला की चोर ठरवतो. म्हणून नफ्याला स्वतःची ओळ दिलेली बरी.

काकांनी बोट नेमकं तिथंच ठेवलं. "जोडायला तीन हजार?"

"काका, तुमच्या बिलात कागदाचे वेगळे आणि डिझाइनचे वेगळे लावता की नाही?"

"ते वेगळं रे!" म्हणाले, हसले, आणि पाचशे कमी करून घेतले.

सोमवार, २२ सप्टेंबर

आजपासून जीएसटीचे नवे दर. सकाळपासून फोन: "कॉम्प्युटर स्वस्त झाले म्हणे?" झाले नाहीत. कॉम्प्युटर आणि पार्टवर अठरा टक्के होते, अठराच आहेत. बत्तीस इंचापेक्षा मोठा टीव्ही किंवा मॉनिटर अठ्ठावीसवरून अठरावर आला, तेवढंच. दुपारनंतर फोन उचलायचं सोडून हे टाइप करून सगळ्यांना पाठवलं.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, मल्टिमीटर पाटावर. पूजा झाली आणि मग काकांचं मशीन नेऊन दिलं.

जोडायला वेळ लागला नाही, वेळ खाल्ला अक्षरांनी. काकांचं जुनं मराठी काम श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड काम तसल्याच नुडीत. दोन्हीकडचे जुने फाँट युनिकोडचे, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या पद्धतीचे, नाहीत, तेव्हा फाँट बदलला की "चि. सौ. कां."चे अक्षरशः किडे-मुंग्या होतात. जुन्या मशीनमधले सगळे फाँट तसेच उचलून आणले, जुन्या पत्रिकांच्या फाइली एकेक उघडून पाहिल्या, मगच जुनी डिस्क बाजूला काढली. ती डिस्क काकांकडेच ठेवली, पुसली नाही. गिऱ्हाइकाची जुनी डिस्क किमान वर्षभर पुसायची नाही हा इथला नियम.

त्यांची सून मात्र इन्स्क्रिप्टवर, म्हणजे सगळ्या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्डवर, टाइप करते. तिला काही शिकवावं लागलं नाही. मराठीचा क ज्या कळीवर, कन्नडचा ಕ सुद्धा त्याच कळीवर. भाषा बदलायची, बोटं तीच. तिच्यासाठी विंडोजमध्ये दोन्ही कीबोर्ड लावून दिले आणि निघालो.

रविवार, १२ ऑक्टोबर

खानापूर तालुक्यात गेलो होतो. उन्हाळ्यात एका इंजिनिअरिंगच्या पोराला गेमिंगचा पीसी दिला होता. त्याची तक्रार: "दादा, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात."

फोनवरच कळलं होतं, तरी गेलो, कारण हे फोनवर सांगून कुणी मनावर घेत नाही. परतीचा पाऊस नुकताच ओसरलेला, पोरगं अनवाणी, फरशी ओलसर. मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३१. फेज-अर्थ ११८. न्यूट्रल-अर्थ ११० च्या आसपास. अर्थ जमिनीला टेकलेला असता तर फेज-अर्थ २३०च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट दाखवायला हवा. म्हणजे सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला जमीन ठाऊकच नाही.

पोराच्या वडिलांना वाटत होतं एसएमपीएस खराब. तो खराब नव्हता. पीसीच्या बहुतेक एसएमपीएसमध्ये तारेतला गोंगाट गाळायला फेजपासून बॉडीला एक आणि न्यूट्रलपासून बॉडीला एक असे दोन छोटे कॅपॅसिटर असतात. अर्थ असेल तर त्यातून येणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये लोंबकळत राहते, म्हणून व्होल्टेज बरोबर निम्मं. करंट इतका थोडा की मुंग्या येण्यापलीकडे काही होत नाही, पण चालू मशीनला टीव्हीची एचडीएमआय केबल लावायला गेलं तर पोर्ट जळायला तेवढा पुरतो. आणि उद्या खरोखर बॉडीला फेज लागला तर एमसीबी पडणार नाही, ही त्याहून वाईट गोष्ट.

"वायरमन म्हणाला, बल्ब लागतोय की, मग झालं," वडील म्हणाले.

वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, तिसरी तार आत होती, पण वरच्या डब्यात कशालाच जोडलेली नव्हती. त्यानं लगेच उपाय काढला: "न्यूट्रलचाच जंप मारू काय ओ अर्थला? पाच मिनिटात होतंय." अगदी नको म्हटलं. हा जंप खेड्यापाड्यांत सर्रास मारतात. खांबावर न्यूट्रल तुटला की मग कॅबिनेट, मिक्सर, फ्रिज, सगळ्यांच्या अंगावर पुरते २३० उभे राहतात. गोठ्यामागं मोटारीचा जुना अर्थिंगचा खड्डा सापडला, कोरडा पडलेला. त्यात कोळसा-मीठ भरून बादलीभर पाणी ओतलं, तिथून नवी तार ओढली. न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्टवर आला. मुंग्या गेल्या.

वीज कडाडायला लागली की नुसता पीसीचा नव्हे, राउटरचाही प्लग काढायचा, तेही सांगितलं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अॅडॅप्टरमधून येते आणि लॅनच्या तारेनं मदरबोर्डपर्यंत जाते.

इथून पुढं ऑर्डर घेतानाच सॉकेटचं माप घ्यायचं. लांबचं गिऱ्हाईक असेल तर त्याच्या वायरमनकडून मल्टिमीटरचा फोटो मागवायचा. तीन हजारांच्या ओळीत हे काम येतंच, पण लिहून ठेवलेलं बरं.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी संपली. आज चंदगड तालुक्यातले एक गुरुजी आले होते. रिटायर झालेत, गावच्या पोरांना घरीच कॉम्प्युटर शिकवणार म्हणतात. त्यांचा बाजार बेळगावच. तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी कोल्हापूर त्यांना लांब पडतं. कापड इथं, दवाखाना इथं, मग पीसीही इथंच.

गुरुजींना पीसी देता येतो का, हे विचारायला सीएकडे गेलो. तिथं जे ऐकलं ते नीट उतरवून ठेवतो, कारण सीमाभागातल्या आमच्यासारख्या कुणालाही ते लागणार.

कर्नाटकात माल विकणाऱ्याला वर्षाच्या चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मी त्याच्या कितीतरी आत आहे. पण ही सूट राज्यातल्या राज्यात. एक पीसी जरी हद्दीवरच्या शिनोळीपलीकडे महाराष्ट्रात विकला, तरी ती आंतरराज्य विक्री, आणि तिला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची. गिऱ्हाईक माझ्या खोलीतून स्वतःच्या गाडीवर घालून घेऊन गेलं तर? ऑक्टोबर २०२३पासून नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला विकताना बिलावर लिहिलेला त्याचा पत्ता धरतात. बिलावर चंदगड लिहिलं की माल महाराष्ट्रात गेला. पत्ता लिहिला नाही तर विक्री इथलीच धरतात, पण वॉरंटीच्या कामाला नाव-पत्ता नसलेलं बिल काय कामाचं? कंपोझिशन या छोट्या धंद्यांच्या योजनेत गेलो तर एक टक्क्यात सुटतो, पण मग राज्याबाहेर माल विकायचीच बंदी.

कर्नाटक-महाराष्ट्राचा सीमावाद २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. माझ्या कोटेशनला मात्र सीमा कुठून जाते ते अगदी पक्कं ठाऊक आहे.

उठता उठता सीए म्हणाले, सेवेचा नियम वेगळा आहे. नुसती सेवा दिली तर वीस लाखांपर्यंत, राज्याबाहेर दिली तरी, नोंदणी लागत नाही. म्हणजे पार्ट गुरुजींनी स्वतःच्या नावानं घ्यायचे, आणि मी फक्त जोडणीचे पैसे घ्यायचे.

ती शेवटची ओळ मी सप्टेंबरात वेगळी काढली होती ती गिऱ्हाइकाच्या हातातल्या फोनपायी. आता तीच कामाला येतेय.

शनिवार, १ नोव्हेंबर

कर्नाटकचा राज्योत्सव एकीकडे, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एकीकडे. बाजार अर्धा बंद, पोलीस चौकाचौकात. बंगळूरहून एसपी रोडच्या पार्ट-बाजाराचं पार्सल आज येणार नाही हे गृहीतच होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

रॅम! काकांच्या वेळी पंधरवड्याला शे-दोनशे वर-खाली व्हायची, ती आता सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

कंग्राळीच्या एका पोराला दसऱ्याला कोटेशन दिलं होतं: रायझेन ५ ७६००, बी६५० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम), आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड. त्याचे वडील ऊसवाले. गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी बसले, दर ठरेना, तोड थांबली. सरकारनं टनाला ३,३०० जाहीर केले तेव्हा कुठं कारखाने हलले. आता पोरगं अॅडव्हान्स घेऊन आलं, हातात दसऱ्याचं कोटेशन. त्यात रॅमची जोडी दहा हजारांच्या आत आहे. आज डीलर दुप्पट सांगतोय, आणि "उद्या विचारू नका" असंही म्हणतोय.

वडील म्हणाले, "तुमचा शब्द म्हणजे शब्द ना?" बरोबर आहे त्यांचं, शब्द शब्दच. पण जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघेही आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडं वळवत आहेत. तिथं लागणारी मेमरी महाग विकते, मग घरगुती पट्टी कोण बनवत बसणार? जुनी डीडीआर४ तर ते आधीच आवरती घेत होते, त्यामुळे तीही चढली. एवढं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे उसासारखंच की. पिकवायचं कुणी, दर ठरवायचा कुणी."

तोडगा: सध्या सोळा जीबीची एकच पट्टी, बोर्डाचे बाकीचे स्लॉट रिकामे. एरवी एका पट्टीला मी नाक मुरडतो, पण इथं वेगळं ग्राफिक कार्ड आहे, त्याची स्वतःची आठ जीबी मेमरी आहे, त्यामुळे तेवढं नुकसान नाही. भाव उतरले की तशीच दुसरी घालू.

कोटेशनवर आजपासून ठळक: भाव ४८ तासांपुरते.

शनिवार, ६ डिसेंबर

परवा मायक्रॉननं जाहीर केलं की क्रुशियल नावानं ग्राहकांना विकायची रॅम आणि एसएसडी बंद करणार, माल फेब्रुवारीअखेरपर्यंतच येईल. बिनझगमगाटाची, बिनलाइटची, लावली की चालणारी पट्टी म्हणून मी डोळे मिटून तीच सांगत आलो. डीडीआर५ची ३२ जीबीची जोडी आज सप्टेंबरच्या तिपटीच्या आसपास.

ठरलं. गुरुजींसाठी काढलेली वाट आता सगळ्यांसाठी. पार्ट गिऱ्हाइकानं स्वतः, स्वतःच्या नावानं, माझ्या यादीप्रमाणे घ्यायचे. माझं काम यादी, जोडणी, टेस्टिंग आणि सेवा. भाव चढला-उतरला तो त्याचा, वॉरंटीचं बिल त्याच्या नावाचं. माझे पैसे माझे.

यादी मात्र मोघम चालत नाही. "बी६५० बोर्ड" एवढं लिहिलं तर माणूस स्वस्तातला स्वस्त उचलतो आणि मग त्यात दोनच रॅमचे स्लॉट निघतात. पूर्ण मॉडेल नंबर लिहायचा. प्रोसेसर बंद खोक्यातलाच घ्यायचा. ट्रेमधला सुटा प्रोसेसर हजारभर स्वस्त दिसतो, पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या तोंडापुरती. सगळं एकाच दिवशी मागवायचं, नाहीतर रॅम येते आणि बोर्ड परत करायची मुदत संपल्यावर कळतं की बोर्ड बिघडलेलं होतं. खोकं उघडताना व्हिडिओ काढायचा.

याला काही लोक नाही म्हणतील. "एवढं मीच करायचं तर तुम्ही कशाला?" असं विचारणाऱ्याला तयार पीसी घ्या म्हणावं. तो त्याच्यासाठी बराच आहे, उगाच वाद नको.

उद्यमबागेतल्या डायवाल्या (साचे बनवणाऱ्या) शेजाऱ्यांना मात्र ही पद्धत एकदम पटली. त्यांना तशीही बिलं स्वतःच्या जीएसटी नंबरावर हवी असतात, भरलेला कर परत वळता करून घ्यायला. माझ्याकडून बिननोंदणीचं बिल घेऊन त्यांना काय मिळणार होतं?

रविवार, २१ डिसेंबर

डायवाल्यांचं मशीन पूर्ण. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी. रायझेन ७ ९७००एक्स घेतला. मॉडेलिंगच्या बऱ्याचशा कामात एकच कोर राबतो, त्यामुळे कोर ढीगभर असण्यापेक्षा एकेक कोर वेगवान असलेला बरा. बोर्ड जुन्या स्टॉकचं निघालं, नव्या प्रोसेसरला न ओळखणारं. यादीत मुद्दाम फ्लॅशबॅकचं बटण असलेलंच बोर्ड लिहिलं होतं, तेव्हा पेनड्राइव्ह लावून बोर्डाचा बायोस, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, बदलला आणि काम झालं.

पहिल्यांदा चालू केलं की डीडीआर५ची मशीन काही मिनिटं काळा पडदा दाखवतात. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतं. मालक उभे राहून बघत होते. दोन मिनिटांनी म्हणाले, "गेलं वाटतं." हात खिशात ठेवून थांबायचं, बटण दाबायचं नाही. आलं.

खरी गंमत त्यांच्या जुन्या पीसीत होती. तो ग्राइंडिंगच्या शेजारी, जमिनीवर ठेवलेला. आतली धूळ एका कागदावर झटकली आणि खालून चुंबक फिरवला. करड्या धुळीतली अर्धी ताठ उभी राहिली आणि चुंबकाबरोबर सरकायला लागली. लोखंडाची बुकणी. ती मदरबोर्डावर बसते, पावसाळ्यात हवेतला ओलावा धरते, आणि मग "आपोआप बंद पडतंय" अशी तक्रार येते. मालकांनी तो कागद जपून ठेवला, फोरमनला दाखवायला.

उपाय: पीसी टेबलावर, ग्राइंडिंगकडं पाठ करून. पुढं जाळीचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागं एकच बाहेर टाकणारा. आत दाब थोडा जास्त राहिला की फटीफटीतून धूळ शिरत नाही, जाळीतूनच येते आणि जाळी दर शनिवारी धुता येते. आणि वर्कशॉपच्या कंप्रेसरनं पीसी साफ करायचा नाही, हे तीनदा सांगितलं. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि पंखे इतके गरगरतात की बेअरिंग जातात. फोरमन मान डोलवत होता, पण कंप्रेसरची नळी हातातून सोडत नव्हता.

रविवार, ११ जानेवारी २०२६

दरपत्रक नव्यानं केलं. साधा पीसी जोडणीसह ३,०००, गेमिंग आणि वर्कस्टेशन ४,५००, नुसती यादी करून हवी असेल तर ५०० (जोडणी माझ्याकडं केली तर वळते). घरी जाऊन अर्थिंगसह तपासणी, शहरात ४००, बाहेर पेट्रोलप्रमाणे. पीसी कमी विकले जाताहेत, पण डीलरचे फोन सुटले आणि रात्रीची झोप परत आली.

काकांचा फोन होता. कुणीतरी त्यांना सांगितलंय की सप्टेंबरात घेतलेली त्यांची रॅम आता दुप्पट किमतीची झाली.

"विकू काय गा?"

"आणि पत्रिका कशावर करणार?"

"ते पण हायच म्हणा."

लग्नसराईचं काम अंगावर असताना काका रॅम विकणार नाहीत, पण विचारून ठेवलं.

गुरुजींचे सगळे पार्ट आले, एसएमपीएस सोडून. तो बुधवारपर्यंत येईल म्हणतात. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं खोकी घेऊन या म्हटलंय, ग्राफिकचं खोकं नाही त्यामुळे दोन पिशव्यांत मावेल. वायरमनच्या मल्टिमीटरचा फोटो त्यांनी पाठवलाय: न्यूट्रल-अर्थ ३८ व्होल्ट. तेव्हा येताना खोक्यांसोबत वायरमनचा नंबरही आणा म्हणून कळवलं.